जांभळ्या रसाची बरणी

मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या बाह्यरुग्ण विभागात मी औषधतज्ज्ञ म्हणून काम करते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी प्रत्येक रुग्ण माझ्या टेबलापाशी बसतो आणि घरातली सगळी औषधे पिशवीतून काढून समोर मांडतो. लिहून दिलेली औषधे आणि प्रत्यक्षात पोटात जाणारी औषधे यांचा मेळ बसतो की नाही, हे मी पडताळते. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांच्या प्रत्यारोपणाला १४ महिने झाले होते. गोळ्यांच्या वेळा टिपलेली वही दर खेपेला बरोबर आणणारा, एकही गोळी न चुकवणारा हा माणूस. म्हणूनच त्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, १.२ वरून १.९ वर गेलेले पाहून मी चपापले. प्रत्यारोपणानंतर ते घेत असलेल्या टॅक्रोलिमस या औषधाच्या रक्तातील प्रमाणाचा अहवाल अजून यायचा होता.

पिशवीच्या तळाशी गर्द जांभळ्या रसाची एक काचेची बरणी होती.

“हे काय आहे, काका?”

“एल्डरबेरी. औषध नाही हो मॅडम, फळाचा रस आहे. घरात सगळ्यांना सर्दी झाली होती, म्हटलं आपली प्रतिकारशक्ती जरा वाढावी. पंधरा दिवस घेतोय.”

बाहेरच्या कुणाला हे वाक्य निरुपद्रवी वाटेल. आमच्या विभागात ते ऐकताच काळजाचा ठोका चुकतो. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने परके मानून नाकारू नये, म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे देऊन आम्ही रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. एल्डरबेरी म्हणजे सांब्युकस नायग्रा या झुडपाची काळी फळे. त्यांच्या अर्काच्या संपर्कात मानवी रक्तातील पांढऱ्या पेशी अधिक सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारी प्रथिने, तयार करतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले होते. प्रयोगशाळेतल्या पेशींत जे घडते ते माणसाच्या शरीरात घडतेच असे नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावते. पण त्या क्षणी मला माझेच सांगणे आठवले नाही. “एल्डरबेरीमुळे रिजेक्शन?”, म्हणजे शरीराने मूत्रपिंड नाकारले का, असे मी कागदावर लिहिले. प्रश्नचिन्ह कागदावर होते, मनात नव्हते. डॉक्टरांनीही बायोप्सीचा विचार सुरू केला.

तासाभराने टॅक्रोलिमसचा अहवाल आला आणि माझा तर्क डळमळला. त्यांच्यासाठी ठरवलेली मर्यादा ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होती आणि अहवालातला आकडा होता १७. औषध कमी पडल्यामुळे शरीराने मूत्रपिंड नाकारले, असे म्हणायला आता जागा उरली नाही. उलट टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढले की मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि क्रिएटिनिन चढते. प्रश्न एवढाच होता, की मात्रा तीच असताना प्रमाण वाढले कशाने? रक्त देण्याआधी त्यांनी सकाळची गोळी घेतली असेल, ही नेहमीची चूक मी आधी तपासली. ती झालेली नव्हती. नवे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे औषधही कुणी दिलेले नव्हते. मग माझी नजर त्यांनी सकाळी केलेल्या सहीकडे गेली. अक्षरे थरथरत होती. हात कापणे हे टॅक्रोलिमस जास्त झाल्याचे ओळखीचे लक्षण. ते सकाळपासून माझ्या टेबलावर पडून होते.

“काका, हा रस कसा करता?”

“वाळलेली फळं रात्री भिजवायची, सकाळी मिक्सरमधून काढायची आणि गाळून घ्यायची.”

“उकळत नाही?”

“उकळल्यावर जीवनसत्त्वं जातात ना!”

पोटाचे विचारल्यावर ते गप्प राहिले; उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. आठ दिवस जुलाब होत होते, मळमळही होती, आणि शरीर साफ होत आहे असे समजून काका ते सहन करत होते.

एल्डरच्या पानांत, देठांत, बियांत आणि कच्च्या फळांत सायनाइड मोकळे करणारी संयुगे असतात. नीट शिजवल्यावर ती बरीचशी निष्प्रभ होतात. १९८३ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परगण्यात एका मेळाव्यात पानाफांद्यांसकट चिरडलेल्या एल्डरबेरीचा रस वाटला गेला. उपस्थित २५ जणांपैकी ११ जण आजारी पडले आणि आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. सगळे बरे झाले. शिकत असताना हा प्रसंग वाचून मी तो गमतीदार माहितीच्या कप्प्यात टाकून दिला होता. आमच्या रुग्णात विषबाधेची गंभीर लक्षणे नव्हती, बिघडले होते ते आतडे. पण टॅक्रोलिमसच्या बाबतीत तेवढेही पुरते. एरवी आतड्याच्या अस्तरातील विकरे आणि परत ढकलणारी प्रथिने या औषधाचा मोठा वाटा रक्तात शिरूच देत नाहीत. जुलाबांत हा पहारा ढिला पडतो. जुलाबांमुळे औषध वाहून जाईल असे कुणालाही वाटेल, प्रत्यक्षात ते जास्त शोषले जाते. त्यात शरीरातले पाणी कमी झाले होते, त्याचाही भार मूत्रपिंडावर पडला.

बायोप्सी टळली. शिरेतून द्रव दिले, टॅक्रोलिमसची मात्रा तात्पुरती कमी केली, रस बंद केला आणि नोंदीसाठी बरणी माझ्याकडे ठेवून घेतली. जुलाबांमागे जंतुसंसर्ग असू शकतो म्हणून मलतपासणी केली, तीत काही सापडले नाही. एखादा किरकोळ विषाणू निसटला असेल, हे मी नाकारत नाही. तरी माझा संशय त्या न उकळलेल्या रसावरच आहे. आठवड्याने टॅक्रोलिमस ७ वर आणि क्रिएटिनिन १.३ वर आले. आमच्या अर्जावर “कोणती औषधे घेता?” एवढाच प्रश्न होता आणि त्याचे काकांनी दिलेले उत्तर अगदी प्रामाणिक होते, हे लक्षात आल्यावर तो प्रश्न मी बदलून घेतला.

त्या भेटीत त्यांच्या पत्नीने विचारले, “मग मी घेऊ का? मला काही आजार नाही, गोळ्याही नाहीत.”

मी त्यांना माहीत होते तेवढे सांगितले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात फ्लूच्या ६० रुग्णांपैकी एल्डरबेरीचे सिरप घेणाऱ्यांना सरासरी चार दिवस आधी आराम पडला. ऑस्ट्रेलियातून परदेशी जाणाऱ्या ३१२ विमानप्रवाशांच्या २०१६ च्या अभ्यासात सर्दी होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, मात्र झालेली सर्दी लवकर ओसरली. आणि २०२० साली, तपासणीने फ्लू निश्चित झालेल्या ८७ अमेरिकी रुग्णांत काहीच फायदा दिसला नाही. अभ्यास लहान आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. सर्दी होऊच नये म्हणून रोज घेण्याला तर त्यांतून आधार मिळत नाही. निरोगी प्रौढाने सर्दीच्या चार दिवसांत नीट उकळून केलेले सिरप घेतले तर अपाय होण्याची शक्यता कमी. मात्र अशा काही सिरपांत जस्तही घातलेले असते; लेबलावर ते किती आहे ते पाहावे, कारण प्रौढांसाठी सगळे मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅम ही त्याची वरची मर्यादा आहे. मधातले सिरप असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला ते देऊ नये.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे नाही घेतलं तरी चालेल,” त्या म्हणाल्या, “मग ती बरणी तेवढी रिकामी करून परत द्या.”