दहा मिनिटांत भूप

कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यात गळीत हंगाम सुरू झाल्याचं कुणाला सांगावं लागत नाही. कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस दारावरून जातात आणि बहुतेकांवर मोठ्यानं टेप चालू असतो. माझ्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग त्यातच गेलं. पहाटे साडेतीनला पंखा बंद केला, खिडकीला वाकळ टांगली आणि संथ लयीतलं विलंबित सुरू केलं. तालाच्या सहाव्या आवर्तनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येता येता बाहेरून ढोलकी घुसली. तेवढाच भाग कापून जोडायची सोय नव्हती. व्हिडिओ सलग हवा, कुठंही संपादन चालणार नाही, असं विद्यापीठाच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी गणितासाठी अर्ज करत होते. संगीतात पदवी घ्यायची नसली तरी तिथली बरीच विद्यापीठं अर्जासोबत संगीताचा पोर्टफोलिओ स्वीकारतात. तो ऐच्छिक असतो आणि संगीत विभागातले प्राध्यापक तो ऐकतात. माझ्या विद्यापीठाला दोन वेगळ्या प्रकारच्या रचना हव्या होत्या, दोन्ही मिळून दहा मिनिटांच्या आत. सोबत एक पानी बायोडेटा आणि गुरूंचं पत्र.

दहा मिनिटं हा आकडा वाचून मला रडू आलं होतं. नऊ वर्षं मी जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं शिकतेय. आमच्याकडे रागाला बसायला जागा द्यायलाच तेवढा वेळ जातो. त्यात मी निवडला होता बसंती केदार. दोन राग सांधून केलेला अनवट जोडराग, आमच्या घराण्याची ओळख. तोच पाठवायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

शिवाजी पेठेत माझ्या गुरूंकडे, बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ज्याला बसंत माहीत नाही, केदार माहीत नाही, त्याला त्यांचा सांधा कुठनं दिसणार गं?" मग म्हणाल्या, "भूप गा. पाचच स्वर. दोन मिनिटांत त्याच्या कानाला ओळखीचे होतील. मग तू त्यांचं काय करतेस ते त्याला कळेल."

वेळेची तक्रार त्यांनी ऐकूनच घेतली नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांची रेकॉर्डिंगं लावली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यातच राग उभा करायचा. आमच्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. ही गोष्ट मला माहीत होती, पण घड्याळ हातात धरून मी ती भैरवी पहिल्यांदाच ऐकली. तोपर्यंत दहा मिनिटं म्हणजे मोठ्या ख्यालाचा तुकडा, असं मी समजत होते. त्या दिवसापासून दहा मिनिटांचंच गाणं बसवायला घेतलं.

आमचं विलंबित तीनतालात, लय फार संथ नाही. एका आवर्तनाला साधारण अर्धा मिनिट, म्हणजे सहा मिनिटांत बारा आवर्तनं. पहिल्या दोनांत स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, आठव्यापर्यंत तार षड्जाला, वरच्या सा ला पोचायचं, तिथून दुसरा भाग, अंतरा आणि शेवटची दोन आवर्तनं तानांना. पुढे दीड मिनिट जलद लयीतलं द्रुत. उरलेल्या अडीच मिनिटांत नाट्यपद, कारण दुसरी रचना वेगळी हवी होती आणि लहानपणी आजोबांचं बोट धरून कोल्हापूरच्या देवल क्लबात, गाण्याच्या मैफलींत जे काही ऐकलं, त्यातलं ते माझ्या सगळ्यात जवळचं.

रेकॉर्डिंग शेवटी बाईंच्या माजघरात झालं. जाड मातीच्या भिंती, रस्त्याकडे खिडकी नाही. तानपुऱ्याचं ॲप नको म्हणून बाईंनी आपला मिरजेचा तानपुरा स्वतः जुळवून दिला. तबल्याला त्यांचाच शिष्य, माझा गुरुबंधू. चौथा टेक पाठवला. त्यात एक तान समेआधी थोडी घाईत उतरली आहे. पाचवा टेक बिनचूक होता, पण त्यातला गंधार, म्हणजे ग हा स्वर, कोरडा लागला होता. चौथाच ठेवला, आणि ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं.

फॉर्ममध्ये 'संगीतकार' असा रकाना होता. तिथं 'पारंपरिक' लिहिलं, आणि खाली दिलेल्या जागेत समजावलं की बंदिश परंपरेतून आलेली आहे, आलाप-ताना त्या क्षणी सुचलेल्या आहेत. गाणाऱ्यांनी ही जागा मोकळी सोडू नये. ऐकणाऱ्याला नाहीतर सगळंच आधी लिहून पाठ केलेलं वाटेल.

तारखेचंही नीट बघा. माझ्या पोर्टफोलिओची मुदत अर्जाच्या आधी संपत होती, आणि वेळ तिकडच्या पूर्व किनाऱ्याची. तिथले रात्रीचे ११.५९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९.

गुरूंच्या पत्रासाठीची लिंक त्यांच्या ईमेलवर येते. बाईंना ईमेल नाही. त्यांच्या भाच्यानं तो उघडून दिला. बाईंनी दोन फुलस्केप भरून मराठीत पत्र लिहिलं, गल्लीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्याचं इंग्रजी केलं, आणि भाच्यानं दोन्ही अपलोड केली. पत्र बघायचा हक्क मी अर्जातच सोडला होता. तरी एकदा विचारलं, "बाई, काय लिहिलंत?" त्या तानपुऱ्याची तार पुसत होत्या. म्हणाल्या, "तुझा गंधार कसा आहे ते लिवलंय. चल, सा लाव."