शेंदूर फासलेला दगड आणि बाकीची ग्रेड वन मंडळी

मागच्या रविवारी लेकाला घेऊन परळला मामाकडे गेले होते. डोंबिवलीवरून म्हणजे तसं लांबच पडतं पण मामाची सत्तरी उलटलीय आणि फोनवर त्याला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा जायचंच असं ठरवून टाकलंय. तर त्याच्या चाळीच्या अलीकडच्या नाक्यावर उसाच्या रसाची गाडी आहे, आणि गाडीच्या बाजूला फुटपाथच्या कडेला एक काळा दगड, साधारण वीतभर वर आलेला. वर शेंदूर, जास्वंदीचं एक फूल, बाजूला उदबत्तीची काडी जळून गेलेली. लेकाने सवयीने हात जोडले. आणि मग खाली वाकून म्हणतो, आई, याच्यावर रोमन नंबर लिहिलाय. देवावर नंबर कशाला?

मी तिथेच फुटपाथवर उकिडवी बसले. कारण मला माहीत होतं हे काय आहे ते, फक्त इतकी वर्षं याच नाक्यावरून जाता-येता माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की हा पण त्यातलाच. मैलाचा दगड! ब्रिटिशांनी लावलेला, ज्याच्यावर वरती रोमन आकडा आणि खाली इंग्रजीत ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ असं कोरलेलं असतं. खालचा मजकूर अर्थातच जमिनीत होता. आणि हे दगड मुंबईच्या हेरिटेज यादीत ग्रेड वन आहेत. ग्रेड वन म्हणजे सीएसएमटी स्टेशन ज्या पंगतीत बसतं तीच पंगत. (नाका कुठला ते मुद्दाम लिहीत नाहीये, का ते शेवटी कळेल.)

सेंट थॉमस म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं ते चर्च, १७१८ सालचं. त्या काळात मुंबई म्हणजे फोर्टाच्या तटबंदीच्या आतली मुंबई, बाकी सगळं गावाबाहेर, म्हणून अंतर मोजायचं तर चर्चपासून मोजायचं. आपल्या रोजच्या तोंडातलं चर्चगेट हे नाव पण त्याच चर्चमुळे आलंय, स्टेशनजवळ चर्च शोधत फिरू नका, तटबंदीला चर्चकडे जाणारा जो दरवाजा होता तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, आणि तो जिथे होता त्या जागेवर फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. नाव तेवढं तिथून उठून स्टेशनला जाऊन चिकटलं.

आता दगड एवढा खाली कसा गेला. मी पण आधी समजत होते की खचला असेल. खचला वगैरे काही नाही, दगड आहे तिथेच आहे, रस्ता वर आलाय. दर दोन-चार वर्षांनी डांबराचा एक थर, मग त्यावर काँक्रीट, फुटपाथवर आधी शहाबादी फरशी मग पेव्हर ब्लॉक मग ते उखडून परत नवे पेव्हर ब्लॉक, असं करत करत दीडशे वर्षांत माणसाच्या कमरेएवढा दगड वीतभर उरतो. काही ठिकाणी तर नुसतं डोकं दिसायचं. गेल्या काही वर्षांत यातले बरेच दगड शोधून, खणून वर काढले, साफ केले, आणि ज्यांनी कुणी ते केलं त्यांना खरंच सलाम, कारण गर्दीच्या रस्त्यावर एका दगडासाठी खड्डा खणायचा म्हणजे पब्लिक काय काय बोललं असेल.

मामाच्या घरी चहा घेताना विषय निघाला तर मामा म्हणाला, त्यात काय, आमच्या लहानपणी तो दगड एवढा होता (हात टेबलाच्या वर), आम्ही त्याच्यावर बसून ट्राम बघायचो. मग अर्थातच गाडी ट्रामवर गेली. ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली, ती बघायला त्याच्या वडिलांनी म्हणजे माझ्या आजोबांनी त्याला दादरला नेलं होतं. त्याला गर्दी आठवते आणि वडिलांनी घट्ट धरलेलं मनगट आठवतं, ट्राम म्हणे नीट दिसलीच नाही. ट्राम गेली पण रूळ कुणी काढले नाहीत सगळीकडे, वरून डांबर ओतून मोकळे झाले. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनचं काम चालू असताना खणल्यावर ते रूळ सापडले होते तेव्हा मी ऑफिस सुटल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून बघायला गेले होते. दोन गंजके लोखंडी पट्टे. बाजूला उभे असलेले एक काका हळूच चप्पल काढून नमस्कार करत होते, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

तर मुद्दा असा की मुंबईत हेरिटेज म्हटलं की आपल्याला इमारतीच आठवतात. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, मरीन ड्राइव्हच्या त्या गोल कोपऱ्यांच्या बिल्डिंगा. बरोबरच आहे, २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू उचलून जागतिक वारशाच्या यादीत घातल्या, एका बाजूला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि समोर त्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको, आणि मधे मुलं क्रिकेट खेळतायत. (हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर बांधले तेव्हा पश्चिमेला मैदान आणि रेल्वेच्या पलीकडे समुद्र होता, आज जिथे मरीन ड्राइव्हवर आपण शेंगदाणे खात बसतो ती सगळी भराव घातलेली जमीन. म्हणजे त्या इमारती चेहरा समुद्राकडे करून उभ्या होत्या आणि समोर दुसरी इमारतींची रांग येऊन बसली. थेटरात उंच माणूस पुढे येऊन बसतो तसं.) पण १९९५ ला मुंबईची जी यादी झाली, ६०० च्या वर नावं असलेली, ग्रेड एक, दोन अ, दोन ब, तीन अशी, त्यात नुसत्या इमारती नव्हत्या. कारंजी आहेत, पाणपोया आहेत, विहिरी आहेत, तलाव आहेत. रस्त्यावरच्या वस्तू. ज्यांना वॉचमन नाही, गेट नाही, तिकीट नाही, आणि ज्यांच्यावर कोणीही हेल्मेट ठेवू शकतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या पाणपोया, मुंबईच्या भाषेत प्याऊ. माझं ऑफिस फोर्टमध्ये. मिंट रोडला रतनसी मूळजी जेठा यांचं कारंजं आहे, १८९४ चं, ते मी वर्षानुवर्षं डब्यानंतरच्या चक्करमध्ये बघते. त्याचं डिझाइन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, म्हणजे ज्याने आपलं व्हीटी स्टेशन बांधलं तोच माणूस. एवढं मोठं स्टेशन बांधलेला माणूस नंतर एका कोपऱ्यावरच्या कारंज्यासाठी हत्तींची तोंडं काढत बसला होता हे मला फार आवडतं. आणि वर, एकदम टोकाला, मान वर केल्याशिवाय दिसत नाही, एक मुलगा पुस्तक वाचत बसलाय. कापसाचे मोठे व्यापारी होते रतनसी, त्यांचा मुलगा धरमसी लहान वयात गेला, त्याच्या आठवणीत बांधलेलं हे. खाली हातगाड्या, टॅक्सी, कुरियरवाले, एवढा गोंधळ, आणि वर तो आपला वाचतोय. मी पहिल्यांदा तो मुलगा बघितला तेव्हा त्या रस्त्याने जायला लागून मला नऊ वर्षं झाली होती, लाज वाटली.

बहुतेक प्याऊ असेच आहेत. कुणाच्या तरी आठवणीतले. मांडवीत, मस्जिद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायकांचं १८७६ चं कारंजं आहे, त्याच्यावर घड्याळाचा मनोरा पण आहे. म्हणजे हमालाने पाणी प्यायचं आणि वेळ बघायची. बऱ्याच प्याऊंना खाली बुटकं कुंड असतं ते बैलांना आणि घोड्यांना, माणसांना वरचा नळ. कुठल्याही जुन्या प्याऊपाशी गेलात तर आधी ते खालचं कुंड बघा, त्यातला दगड कडेला गुळगुळीत झालेला असतो, जनावरांच्या माना घासून. मी हात फिरवून बघते नेहमी. आता त्यात चिप्सची पाकिटं असतात ती गोष्ट वेगळी.

आणि पाणी म्हणजे तेव्हा खरंच मोठी गोष्ट होती. चहूबाजूंनी समुद्र, विहिरींना खारं किंवा मचूळ पाणी. १८६० ला विहार तलावाचं पाणी नळाने आलं तोपर्यंत शहर विहिरी आणि तळ्यांवरच. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही सगळी खरोखरची तळी होती, बुजवून टाकली आणि नावं उरली, बसच्या पाट्यांवर. क्रॉस मैदानाच्या टोकाला भिखा बेहरामची विहीर मात्र अजून आहे, १७२५ ची, समुद्र एवढ्या जवळ होता तरी गोडं पाणी लागलं म्हणून पारशी लोक पवित्र मानतात. आत फक्त पारशांनाच जाता येतं, आम्ही आपले बाहेरून रंगीत काचा बघतो.

आता थोडं रागाचं. खाऱ्या हवेच्या शहरात दगड टिकवणं हे वेगळंच काम आहे. जुन्या कामात दगड जोडायला आत लोखंडी पट्ट्या घातलेल्या असतात, दमट हवा आत शिरते, लोखंड गंजतं, गंज फुगतो, आणि आतून दगडाला तडा जातो. बाहेरून आपल्याला वाटतं दगड सडला. मग कोणीतरी तत्पर माणूस येतो आणि सिमेंट थापतो, नाहीतर वरून ऑइल पेंट. सिमेंटने आतला ओलावा बाहेर पडायचा बंद होतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. जुना चुना श्वास घेतो म्हणतात ते याच्यासाठी, आणि तो चुना करायचा म्हणजे वाळू, विटांची भुकटी, कधी गूळ, हिरड्याचं पाणी असं भिजवत मुरवत ठेवायचं, लोणचं घालतात तसं. फ्लोरा फाउंटनचं हेच झालं होतं. १८६४ चं कारंजं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलँड दगडाचं, मूळ खरं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरवलेलं, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर. चांगल्या हेतूनेच हं, स्वच्छ दिसावं म्हणून. २०१९ च्या जानेवारीत ते परत सुरू केलं तेव्हा खालचा खरा दगड दिसला, माझ्या पिढीने तो कधी बघितलाच नव्हता.

मी आईला फोनवर असलं काही सांगितलं की ती एकच विचारते, पाणी येतं का पण त्याला? अमुक प्याऊ दुरुस्त केला गं, काय सुंदर नक्षी निघाली. पाणी येतं का? आई गिरगावातली, तिचं लहानपण नळाला पाणी कधी येतं याच्यावर बेतलेलं, तिला नक्षीचं कौतुक नाही. आणि तिचं बरोबर आहे. एक प्याऊ मी बघितला, नाव नाही लिहीत, इतका छान साफ केलाय, रात्री लाइट वगैरे, आणि त्याच्या पायरीवर बसून एक माणूस वीस रुपयाची बाटली विकत होता.

असो. परत मामाच्या नाक्यावर. मामाने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तिथे फुटपाथचं काम निघालं होतं, सगळं उखडलं, आणि मुकादम म्हणाला हा दगड मधे येतोय, काढून टाका. मामाने लगेच फोन केला होता कुठल्यातरी ऑफिसात, ते म्हणाले आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे लावा, दुसरीकडचे म्हणाले लेखी द्या, मामाने लेखी दिलं, आणि कंप्लेंट नंबर येऊन चौथ्या दिवशी निवारण झाल्याचा मेसेज पण आला. कोणी बघायला आलंच नव्हतं! तो मेसेज मामाने अजून डिलीट केला नाहीये, येईल त्याला दाखवतो.

मग दगड वाचला कसा, मी विचारलं. मामा म्हणाला, शेंदरामुळे. कामगार पहार घेऊन आला, शेंदूर बघितला, पहार खाली ठेवली. म्हणाला मी हात नाही लावणार, दुसऱ्याला सांगा. दुसराही नाही म्हणाला. मग दगडाच्या भोवती वळसा घालून पेव्हर ब्लॉक बसवले, अगदी मोजून कापून, एवढी सफाई बाकीच्या फुटपाथला कुठेच नाही.

मला हे ऐकून काय बोलावं कळेना, कारण आत्ताच वर मी रंग फासणाऱ्यांना नावं ठेवून झालेय. नियमाने बघाल तर शेंदूर म्हणजे तेल आणि रंगच, दगडाला वाईटच. आता कुणाला कळवावं तर ते आधी शेंदूर खरवडून काढणार. आणि मग पुढच्या वेळी पहार घेऊन कोणी आला तर त्याला ग्रेड वन वाचता येणार आहे का. म्हणून नाका सांगत नाहीये. निदान पुढच्या महिन्याच्या फेरीपर्यंत तरी नाही.

निघताना आम्ही रस प्यायला थांबलो. गाडीवाला सातारकडचा, बरीच वर्षं तिथेच आहे. मी सहज विचारलं, दादा, हा शेंदूर कोणी लावला पहिल्यांदा? तो आलं-लिंबू घालत म्हणाला, मीच की. लोक दगडाला टेकवून स्कूटरी लावायचे ताई, गिऱ्हाईक उभं राहायला जागा नाय. एका शनिवारी शेंदूर आणला, फासला, नारळ फोडला. तेव्हापासून एक गाडी लागली नाय इथं.

लेकाने रसाची मिशी पुसत विचारलं, काका, पण कुठला देव आहे हा?

ते अजून ठरवलं नाय, तो म्हणाला, आणि सुट्टे पैसे द्यायला लागला.