वेल्लोरच्या किल्ल्यात चाळीस मिनिटं

चेन्नई, कांचीपुरम, वेल्लोरजवळच्या श्रीपुरम सुवर्णमंदिराची रांग, हे सगळं सोडून देते. वेल्लोरला मी आले ती साजरा-गोजरासाठी. १६७७-७८ मध्ये मराठ्यांनी वर्षभराहून अधिक काळ हा किल्ला वेढला, तो याच टेकड्यांवर ठाणी बसवून. आणि आमच्या टूरवाल्याने किल्ल्याला दिली चाळीस मिनिटं! त्याचा राग अजून गेलेला नाही.

पाण्याने भरलेला खंदक ओलांडून आत गेले तेव्हा डोक्यात फक्त मराठे होते. टिपूच्या कुटुंबाला जिथे डांबलं होतं, त्या महालांपाशी मात्र पाय थबकले ते १८०६ मध्ये इथे इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या शिपायांसाठी.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत हुकूम निघाला होता : कपाळाला गंध नको, दाढी नको, आणि पागोट्याऐवजी कातड्याचा तुरा लावलेली, टोपीसारखी दिसणारी नवी पगडी घाला. नाही म्हणणाऱ्यांना फटके बसले. मग हिंदू-मुसलमान शिपायांचा मिळून बेत शिजू लागला. जूनमध्ये मुस्तफा बेग नावाच्या शिपायाने तो आपल्या कर्नलला जाऊन सांगितला. कर्नलने चौकशी सोपवली देशी अधिकाऱ्यांवर, आणि तेच कटात सामील! त्यांनी बेगला वेडा ठरवलं, तो कोठडीत गेला.

मी तिथेच सावलीत बसले. चौकशीला बसलेल्यांची छाती कशी धडधडत असेल? समोरचा माणूस खरं बोलतोय, हे फक्त त्यांना आणि त्यालाच ठाऊक. बेगवर चिडावं की त्याची कीव करावी, मला ठरवता येईना.

९ जुलैला टिपूच्या मुलीचं लग्न होतं. १० च्या पहाटे गोळीबार सुरू झाला, टिपूचा झेंडा चढला. शंभरावर गोरे मारले गेले, त्यात झोपलेले होते आणि इस्पितळातले आजारीही. ते लपवू नये. मग शिपाई लुटीत पांगले. आर्काट जेमतेम पंचवीस किलोमीटर. तिथून इंग्रज अधिकारी गिलेस्पी घोडदळ घेऊन सकाळीच पोचला. महालात आसरा घेतलेल्या सुमारे १०० शिपायांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या.

पुढे ते हुकूम मागे घेतले गेले. बेग सुटला, त्याला इनाम मिळालं.

ती भिंत कोणती, हे मी दोघांना विचारलं. तेवढ्यात टूरवाल्याची शिट्टी वाजली. किल्ल्यातल्या जलकंठेश्वर मंदिराचा कोरीव मंडप राहिलाच. साजरा-गोजराच्या टेकड्या बसच्या खिडकीतून पाहिल्या.