चाकू जंगलात नाही, म्यानात गंजतो

परवा कपाटातून माझा फिक्स्ड ब्लेड (न मिटणारा, पक्क्या पात्याचा) चाकू बाहेर काढला आणि चर्रकन झालं, धारेच्या कडेने तांबूस ठिपक्यांची अख्खी रांग. गंमत बघा, गेल्या ट्रेकला दोन दिवस पावसात वापरला तेव्हा त्याला काहीच झालं नव्हतं, कारण तिथे दर वेळी काम झालं की फडक्याने पुसत होतो. घरी आलो तो दमून, चाकू लेदरच्या म्यानात सरकवला आणि तीन आठवडे बघितलंच नाही.

लेदर ओल धरून ठेवतं आणि चामडं कमावताना वापरलेले क्षार, आम्लं त्यात थोडीफार राहिलेली असतात, म्हणजे पातं रात्रंदिवस त्यालाच चिकटून बसणार. त्यामुळे म्यान फक्त सोबत नेताना, घरी चाकू वेगळा आणि म्यान वेगळं. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, म्यान पाणी पीत नाही हे खरं पण आत गेलेलं पाणी आणि रेती तिथेच राहते, ते धुऊन उलटं टांगून पूर्ण वाळवायचं.

माझं पातं १०९५ कार्बन स्टीलचं आहे. त्यात साधारण ०.९५ टक्के कार्बन आणि क्रोमियम जवळपास नाहीच, स्टेनलेस म्हणायला ते किमान १०.५ टक्के तरी लागतं. डी२ नावाच्या टूल स्टीलमध्ये ११ ते १३ टक्के क्रोमियम असूनही ते गंजू शकतं, कारण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) अडकून पडतं. आणि काळं कोटिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, धारेवर कोटिंग नसतंच, गंज पहिला तिथेच धरतो.

आता परत आलो की आधी साध्या पाण्याने धुतो (घामाचं मीठ फार वाईट, बोटांचे ठसेसुद्धा गंजून उमटतात), कोरडा करतो, मूठ आणि पातं जुळतात ती फट नीट बघतो कारण पाणी तिथे लपतं, मग मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात. खायचं कापणार असाल तर फूड ग्रेडचंच घ्या. स्वयंपाकाचं तेल नको, बरीचशी तेलं काही दिवसांनी चिकट होतात. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे पाणी हटवायला छान, पण महिनोन्महिने ठेवायचा असेल तर त्याच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

व्हिनेगरने पातं मुद्दाम काळवंडून घेतात तो पॅटिना मलाही आवडतो, त्याने गंज थोडा लांबतो, पण तेल लावावं लागतंच.

ठिपके तेल आणि बारीक स्टील वूलने हळूहळू घासून गेले. टोकाजवळ एक छोटा खड्डा मात्र राहिलाय, तो चार-पाच वेळा धार लावल्यावर जाईल बहुतेक, उगाच एकदम घासून पातं झिजवायचं नाही असं ठरवलंय.