बदलाच्या चौकटीत कोड चालला तो दिवस

आमच्याकडे डेटा साफ करायचं एक जुनं टूल आहे, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं. युजर स्वतःच रेजेक्स, म्हणजे मजकूर शोधायचा पॅटर्न, देतो. दोन चौकटी, 'शोधा' आणि 'बदला'. त्या दिवशी तक्रार आली ती अगदी किरकोळ वाटली, 'बदला'मध्ये ईमेल पत्ता टाकला की ॲटचं चिन्ह आणि त्याला चिकटलेला शब्द गायब, मागे नुसतं डॉट कॉम उरतं.

कोड उघडला आणि पोटात गोळाच आला. पर्लमध्ये 'बदला'मधला मजकूर व्हेरिएबलमधून आला की त्यातलं डॉलर एक ($1) तसंच्या तसं छापलं जातं, पॅटर्नच्या पहिल्या ग्रुपला, म्हणजे कंसातल्या भागाला, सापडलेलं येत नाही. ते यावं म्हणून कुणीतरी मजकुराला डबल कोट लावून बदलायच्या आज्ञेच्या शेवटी दोन 'ई' जोडले होते. दुसऱ्या 'ई'चा अर्थ, युजरने लिहिलेलं पर्लचा कोड म्हणून चालव! म्हणून ॲटपुढचा शब्द ॲरे (यादी) समजला जायचा, आणि तो रिकामा.

कोट आहेत ना, मग काय होणार, असं सहकारी म्हणाला. मी टेस्ट मशीनवर 'बदला'मध्ये ॲट, महिरपी कंस, चौकोनी कंस आणि आत सिस्टिमची एक साधी कमांड टाकली. प्रिव्ह्यूमध्ये टूल ज्या सर्व्हिस अकाउंटवर चालतं त्याचं नाव उमटलं, म्हणजे कमांड खरंच चालली होती. दोघंही गप्प. फीचर तिथल्या तिथे बंद केलं.

गंमत नाही, शोधायच्या बाजूला पर्ल स्वतः सावध असतं, व्हेरिएबलमधून आलेल्या पॅटर्नमधला कोड ब्लॉक मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालतच नाही. बदलाच्या बाजूचं दार आपणच उघडलं होतं.

मग टेम्प्लेट, म्हणजे 'बदला'मधला मजकूर, आपल्याच कोडने वाचायचं ठरवलं, डॉलर आणि आकडा दिसला की त्या नंबरचा ग्रुप घालायचा, बाकी सगळं साधा मजकूर. पहिल्या प्रयत्नात नावांच्या जागी नुसता '१' यायला लागला, कारण टेम्प्लेट वाचणारा आतला रेजेक्स बाहेरच्याचे ग्रुप पुसून टाकत होता. आधी ग्रुप ॲरेत कॉपी केले, तेव्हा सुटलं.

टाइमआउटने, म्हणजे फार वेळ घेणारा पॅटर्न थांबवायच्या सोयीने, संध्याकाळ खाल्ली. एकात एक प्लस ('एक किंवा जास्त वेळा'चं चिन्ह) असलेला पॅटर्न लांब ओळीवर अडकला की अलार्मचा हँडलर, म्हणजे वेळ संपल्यावर चालायचा कोड, चालतच नाही, पर्ल ५.८ पासून अलार्मचा सिग्नल मॅच संपेपर्यंत थांबून राहतो. शेवटी मॅचिंग वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये नेलं, तिथे हँडलरच नाही, अलार्म वाजला की प्रोसेस मरते आणि युजरला 'पॅटर्न फार वेळ घेतोय' एवढंच दिसतं. ईमेल पत्ता आता अख्खा येतो.