तलवार कमरेलाच होती

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: "सामुराई बंदुकीला भ्याडांचं हत्यार मानायचे ना? आणि नागाशिनोच्या लढाईत बंदुकांपुढे तलवार हरली ना?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे.

तलवार हे सामुराईचं, म्हणजे जपानी योद्ध्याचं, मुख्य हत्यार कधी नव्हतंच. त्याच्या पेशाला जुन्या काळी 'धनुष्य आणि घोड्याची वाट' म्हणत. पुढे भाला आला. तलवार कमरेला असायची, बाकीचं मोडलं किंवा संपलं की उपसायला. तिला आजचा देव्हारा मिळाला तो बराचसा तोकुगावा घराण्याच्या राजवटीतल्या अडीचशे वर्षांच्या शांततेत, म्हणजे तिला फारसं काम उरलं नाही तेव्हा.

बंदूक १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर आली. तिथल्या तरुण सरदाराने, तोकिताकाने, दोन विकत घेतल्या आणि लोहाराला नक्कल करायला बसवलं. नळी जमली, नळीचं मागचं तोंड बंद करणारा आट्यांचा खिळा काही जमेना. ती विद्या पुढच्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज लोहाराकडून मिळाली. (जपानी बंदुकीचा खटका, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, गोव्यात पोर्तुगीजांच्या हाताखाली बनणाऱ्या बंदुकांच्या घराण्यातला मानतात, हे जाता जाता.) मग साकाई, कुनितोमो, नेगोरो इथे भट्ट्या पेटल्या. भ्याडपणाची चर्चा करत कोणी बसलं नाही.

आता नागाशिनो. जून १५७५. ताकेदा घराण्याच्या कात्सुयोरीने नागाशिनोच्या किल्ल्याला वेढा घातला होता, आत जेमतेम पाचशे माणसं. सोडवायला ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासू हे दोस्त सरदार आले आणि किल्ल्यापासून जरा दूर, शितारागाहाराला, ओढ्यामागे लाकडी कुंपणं ठोकून बसले. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे: तीन हजार बंदुका, तीन रांगा, एक झाडते, दोन भरतात, ताकेदांचं घोडदळ संपतं.

मीही बरीच वर्षं हेच ठासून सांगत होतो. गोष्ट देखणी आहे, त्यात माझा काय दोष?

पण एकदा तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक भरायची कृती नीट पाहा. दारू नळीत, वर शिशाची गोळी, गजाने ठासणं. नळीच्या बाजूच्या भोकाजवळच्या वाटीत रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, वर झाकण. जळता तोडा फुंकून बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की खाली पडणाऱ्या दांडीच्या, चिमट्यात. मग झाकण उघडायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा. ('झाकण उघडणं' हा जपानीत आजही लढाईला तोंड फोडण्याचा वाक्प्रचार आहे.) दारू-गोळी मोजून ठेवलेल्या नळकांड्या जवळ असल्या तरी सरावाच्या हाताला २० ते ३० सेकंद लागतात. काही बारांनंतर नळीत काजळी साचते, गोळी अडकते. रंजक ओलं झालं की फुसका बार.

आता या माणसांना जळता तोडा हातात धरून, उघड्या दारूजवळून, मागेपुढे रांगा बदलायला लावा. तेही लांबलचक कुंपणामागे, धुरात, एका हुकमावर. शिवाय ही एका तालमीतली पलटण नव्हती. होसोकावा, त्सुत्सुई अशा सरदारांकडून मागवलेले बंदूकवाले होते, वर पाच अधिकारी नेमलेले. नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीच्या वृत्तांतात तीन रांगा नाहीतच. त्या येतात १७ व्या शतकात, ओझे होआनच्या लेखणीतून. बंदुकांचा आकडाही ओताच्या हस्तलिखितांत कुठे १,०००, कुठे ३,०००.

आणि लढाई एका फटक्यात संपली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत चालली. ताकेदांच्या तुकड्या एकामागून एक आल्या, ओढा आणि चिखल तुडवत. घोडे खांद्यापाशी जेमतेम १३० सेंटीमीटरचे. बरेचजण पायीच लढले असणार. आदल्या रात्री निघालेल्या, इएयासूच्या साकाई तादात्सुगू या सरदाराच्या तुकडीने ताकेदांची मागची ठाणी जाळली, तेव्हा कात्सुयोरीची पाठही उघडी पडली. यामागाता मासाकागे, बाबा नोबुहारू असे ताकेदांचे मुरलेले सरदार त्या एका दिवसात गेले. कुंपण, संख्या, मागून पडलेला छापा, बंदुका: कशाचं श्रेय किती, हे मला आजही वाटून देता येत नाही. तीन रांगा कुठेच नव्हत्या, असंही छातीठोक म्हणवत नाही. एखाद्या तुकडीने आळीपाळीने बार काढले असतीलही.

पण हरलेल्यांकडेही बंदुका होत्या, हे तरी लक्षात घ्या. त्याच वर्षाअखेर कात्सुयोरीने आपल्या माणसांना फर्मावलं: लांब भाले कमी करा, बंदुका आणा.

आणि सामुराई बंदुकीशी तलवारीनेच लढले म्हणून कृपा करून १८७७ च्या सात्सुमा बंडाचा, सामुराईंनी सरकारविरुद्ध केलेल्या उठावाचा, दाखला देऊ नका. बंडाचा म्होरक्या साइगो ताकामोरी याची माणसं रायफली आणि तोफा घेऊनच निघाली होती. ताबारुझाकाच्या लढाईत पावसाने त्यांची कागदी काडतुसं भिजवली. सरकारी फौजेकडे मागून भरायच्या स्नायडर रायफली होत्या. सप्टेंबरात शिरोयामा टेकडीवर दारूगोळा सरत आला होता. तलवारी उपसल्या त्या तेव्हा.