इस्तंबूलमधली ती शिळा आणि आमचा वाद

मी मध्ययुगीन युरोपियन कला शिकवते आणि त्यातही गे स्टडीजच्या अंगाने झालेल्या संशोधनावर काम करते, त्यामुळे इस्तंबूलच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये सर विल्यम नेव्हिल आणि सर जॉन क्लॅनव्हो यांच्या थडग्याची शिळा प्रत्यक्ष बघायला मिळाली तो दिवस मी विसरणं शक्यच नाही. दोघं इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या दरबारातले नाइट, दोघांची कवी चॉसरशी ओळख. १३९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॉन्स्टँटिनोपलजवळ, म्हणजे आजच्या इस्तंबूलजवळ, आधी क्लॅनव्हो गेला आणि वेस्टमिन्स्टरच्या मठातला बखरकार लिहितो की त्या दुःखाने नेव्हिलने अन्नच टाकलं, तोही दोन दिवसांत गेला.

फोटोत कितीही बघा, समोर उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. दोन शिरस्त्राणं समोरासमोर, इतकी जवळ की मुका घेतायत असंच वाटावं! खाली दोन ढाली. एकीवर एकाच्या घराण्याचं आणि दुसरीवर दुसऱ्याच्या घराण्याचं चिन्ह असेल असं वाटतं ना, तर नाही, दोन्ही ढाली सारख्याच, मधोमध उभी रेघ आणि अर्धं नेव्हिलचं, अर्धं क्लॅनव्होचं. तेव्हा नवराबायकोच्या घराण्यांची चिन्हं अशी जोडायचे.

सोबत एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. म्हणाले, "अगं, शपथ घेतलेले शस्त्रबंधू हे, त्यात एवढं काय?" म्हटलं, "सर, शस्त्रबंधू होतेच, पण मग लग्नाची खूण का घेतली?" मला खरंच चीड येते, नुसते मित्र होते म्हणून विषय मिटवला की, आणि नुसतं गे होते म्हणून शिक्का मारून पुढे गेलं तरी तेच. ॲलन ब्रे या इतिहासकाराचं म्हणणं मला पटतं, की हे नातं लपवलेलं नव्हतं, चर्चमध्ये, देवासमोर, सगळ्यांना दिसेल असं कोरलेलं होतं. इस्तंबूलच्या गलाटा भागातलं, डॉमिनिकन पंथाच्या साधूंचं ते चर्च म्हणजे आजची अरब मशीद, तिथे १९१३ मध्ये शिळा सापडली आणि तिच्यावरचा सविस्तर अभ्यास छापून आला १९९१ मध्ये, म्हणजे मधली ७८ वर्षं!

सर काही सोडेनात. "बिशपसुद्धा स्वतःच्या चिन्हाला आपल्या पदाचं चिन्ह असंच जोडतो की." म्हटलं, "सर, बिशपचं त्याच्या चर्चशी लग्न लागलंय असंच तर मानायचे ना!" मग ते चष्मा काढून ढालींपाशी वाकले, आणि जेवणाची वेळ टळली तरी आमचं तिथेच चालू होतं.